सर्वांनी यावे

"बाई, ती उनी!"

'ती आली' असं पहिल्या रांगेतला हेमराज आपल्या बोलीत ओरडला तेव्हा माझ्या हातात 'घर' होतं. म्हणजे 'घर' लिहिलेलं कार्ड. ते मी उंच धरलं होतं आणि पहिलीची एकतीस पोरं एका दमात 'घर' म्हणून ओरडायच्या बेतात होती. समोर खुर्चीत देवरे साहेब बसले होते, तालुक्याहून तपासणीला आलेले विस्तार अधिकारी. मांडीवर निळी फाईल. त्यांच्या पाठीमागे आमचे मुख्याध्यापक बेडसे गुरुजी, ऊन नसताना घाम पुसत उभे होते. मी दाराकडे पाहिलं.

दारात कोकिळा भामरे उभी होती. अख्ख्या वर्गात आज जिने यायचं नव्हतं अशी एकच मुलगी होती, आणि ती हीच.

केस तेलाने चपचपीत बसवलेले, परकराची नाडी बाहेर लोंबतेय, पाटी छातीशी धरलेली. बेडसे गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पायाखालची फरशी बघायला लागले.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमचीच आहे, साहेब," मी म्हटलं.

"मग दारात का उभी? ये गं आत. उशीर का झाला?"

 ती कधीच फारसं बोलत नसे. भिंतीच्या कडेने सरकत ती तिच्या नेहमीच्या जागी, सगळ्यात मागे, पाण्याच्या माठाशेजारी जाऊन बसली. ती जागा तिला मीच दिली होती.

मी मूळची कोल्हापूरकडची. डी.एड. झाले आणि शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली ती थेट खानदेशात, बोरखळीला. तीन वर्षं नीट काढली तर नोकरी कायम. ती तीन वर्षं त्या जूनमध्ये भरणार होती आणि देवरे साहेबांचा शेरा त्यासाठी लागणार होता. पोरं अहिराणी बोलायची. मला पहिले दोन महिने काही कळेना, मग कळायला लागलं. 'आहे'ला ती 'शे' म्हणत, 'इथे'ला 'आठे', 'माझं'ला 'मन्हं'. माझ्या स्वतःच्या घरी सगळे 'हाय' आणि 'न्हाई' म्हणायचे. आमच्या गुरुजींनी चौथीपर्यंत माझ्या तळहातावर छड्या ओढून तो 'हाय' घालवला होता, आणि त्याचा मला त्या वयात फार अभिमान होता. शुद्ध बोलते म्हणून मी नाक वर करून चालायची. इतकी वर्षं झाली, आता लपवून काय करायचं!

त्या वर्षी एका प्रशिक्षणात मी नवी गोष्ट शिकून आले होते. बाराखडी घोकत बसण्याआधी पोरांना रोजचे चाळीस शब्द नुसते बघून ओळखता आले पाहिजेत. आहे, नाही, आणि, मी, तू, आई, वडील, घर, कुठे, काय. अक्षरं फोडायची नाहीत. माणसाचा चेहरा ओळखतो तसा शब्द ओळखायचा. बेडसे गुरुजी म्हणाले होते, "बाई, क ला काना का, एवढं आलं की जग जिंकलं. हे चेहरेबिहरे तुमच्या कोल्हापुरात." मग तर मला चेवच चढला. गावातल्या कापडदुकानातून साड्यांची रिकामी खोकी आणली, चाळीस कार्डं कापली, जाड ब्रशने शब्द लिहिले. रोज सकाळी अर्धा तास कार्डं दाखवायची. दिवाळीपर्यंत पोरं सुसाट सुटली. कार्ड पुरतं वर यायच्या आत उत्तर! मी तालुक्याच्या बैठकीत त्याची शेखी मिरवली, म्हणूनच देवरे साहेब स्वतः बघायला आले होते.

एकटी कोकिळा अडायची. मी 'आहे' दाखवलं की पोरं 'आहे' म्हणायची आणि हिचं मागून बारीक आवाजात 'शे' यायचं. 'आई' दाखवलं की 'माय'. पोरं खिदळायची. मी म्हणायची, "कोकिळा, कार्डावर काय लिहिलंय?" ती कार्डाकडे नीट बघून पुन्हा तेच सांगायची. नाव कोकिळा आणि गळ्यातून आवाज फुटत नाही, अशी थट्टाही मी केली आहे. गेल्या वर्षी गैरहजेरीमुळे तिला पहिलीतच ठेवलं होतं. हे तिचं दुसरं वर्ष. तिची आई फेब्रुवारीत शाळेत आली होती, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. म्हणाली, "बाई, औंदा बी पहिलीमाच ऱ्हायनी तर मी तिले घर ठेवसू. मी कामले जास, या धाकल्याले कोन संभायी?" ती बाई तोंडची वाफ दवडणारी नव्हती. मोठ्या मुलीला तिने असंच घरी ठेवलं होतं, आणि आता ती आईबरोबर कामाला जायची.

आणि दुसरीत कोण जाणार, ते देवरे साहेब वर्ग तपासून ठरवणार होते.

आदल्या दिवशी शाळा सुटताना बेडसे गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "ती माठाजवळची उद्या नको. एकीपायी सगळ्या वर्गाची शोभा. गैरहजर दाखवा. नाहीतरी तिची सवयच आहे."

 मग त्यांच्याच सांगण्यावरून मी पडवीतल्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'उद्या साहेब येणार आहेत. सर्वांनी शाळेत यावे.' आणि खडू ठेवून, हात झटकून, पाटी आवरत असलेल्या कोकिळाला मीच म्हणाले, "उद्या तू नाही आलीस तरी चालेल हं. घरी भावाजवळ थांब." तिने मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

आता ती माठाजवळ बसून खालचा ओठ चावत फळ्याकडे बघत होती.

"पुढे चला," साहेब म्हणाले.

मी 'घर' खाली ठेवलं आणि 'आणि' उचललं. "आणि!" पोरं गरजली. 'नाही'. "नाही!" 'कुठे'. "कुठे!" साहेबांच्या भुवया वर गेल्या. बेडसे गुरुजींचा घाम आटला. सतरा कार्डं झाली, एकही चूक नाही. माझा जीव भांड्यात पडत आलाच होता, तेवढ्यात साहेब उठले.

"छान. आता मी लिहितो."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एकाखाली एक पाच शब्द लिहिले. आणि. आहे. आई. इथे. घर. त्यांचं अक्षर माझ्यासारखं गोलगरगरीत नव्हतं, जरा तिरकं होतं, पण स्वच्छ होतं. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून त्यांनी वर्गाकडे पाहिलं.

कोणी बोलेना.

"अरे, आत्ता तर सांगितलंत! काय आहे हे?"

एकतीस तोंडं मिटलेली. बाहेर हातपंपाचा कुंई कुंई आवाज येत होता तेवढाच. साहेबांनी हेमराजला उभं केलं, वर्गातला माझा सगळ्यात हुकमी पोरगा. हेमराजने मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, फळ्याच्या अगदी जवळ गेला, आणि मग रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, पन याले डाग कोठे शे?"

"डाग?" साहेबांनी विचारलं.

माझ्या हातातलं 'आणि'चं कार्ड मी पाहिलं. कोपऱ्यात तेलाचा डाग होता. माझ्याच डब्यातला, पावसाळ्यात पडलेला. 'नाही'चा कोपरा दुमडलेला होता. 'कुठे'च्या खोक्यावर साडीवालीच्या चित्राचा अर्धा कान राहिला होता. 'घर'वर शाई सांडली होती. पोरं चेहरे ओळखायला शिकली होती हे खरं, पण शब्दांचे नव्हे, पुठ्ठ्यांचे. सहा महिने मी तेलाचा डाग दाखवत होते आणि पोरं इमानदारीने 'आणि' म्हणत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं पुस्तकात वाचलं होतं, ते त्या दिवशी मला अक्षरशः वाटलं.

"साहेब, बाई नव्या आहेत," बेडसे गुरुजी लगबगीने म्हणाले. "मी सांगत होतो, बाराखडीच..."

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. वर्गावर नजर फिरवली. "एकालाही वाचता येत नाही?" आणि मग त्यांचं बोट मागे गेलं. "तू गं. उशिरा आलेली. मघापासून फळ्याकडे टक लावून बसलीयस. ऊठ."

"साहेब, ती जरा..." गुरुजी पुटपुटले.

कोकिळा उभी राहिली. साहेबांनी 'आणि'खाली बोट ठेवलं.

"अनी," ती म्हणाली.

बोट खाली सरकलं. 'आहे'.

"शे."

पोरं खिदळली. स्वतःची दातखीळ बसली होती ते विसरून खिदळली. बोट आणखी खाली.

"माय."

"फळ्यावर काय लिहिलंय ते वाच."

ती फळ्याकडे बघत राहिली. मग अजूनच बारीक आवाजात म्हणाली, "माय." आणि साहेबांचं बोट सरकायच्या आत पुढचं स्वतःच, "आठे. घर."

साहेब खुर्चीत बसले. फाईल उघडली. "नाव?"

"कोकिळा भामरे," गुरुजींनी सांगितलं. "गेल्या वर्षीचीच आहे, साहेब. गैरहजेरी फार. डोकं जरा कमी."

"हिला आणखी एक वर्ष पहिलीत राहू द्या. बाकीच्यांचं काय करायचं ते नंतर बोलू." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी ते पेन बघत होते. निळ्या शाईचं, सोनेरी टोकाचं. ते कागदाला टेकलं की कोकिळा उद्यापासून घरी, कडेवर भाऊ. गप्प राहणं अगदी सोपं होतं. माझी आधीच पुरती नाचक्की झाली होती, त्यात वरिष्ठांशी वाद कोण घालील? पण फळ्यावरचं ते तिरकं अक्षर माझ्यासमोर होतं. दुसऱ्याच्या हातचं. त्याला डाग नव्हता, दुमड नव्हती. आणि माठाजवळून, एवढ्या लांबून, कार्डावरचे डाग कोणाला दिसणार? तिथून दिसायचे ते फक्त शब्द. पाचच्या पाच बरोबर होते. सहा महिने बरोबर होते.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. 

त्यांनी वर पाहिलं.

"ती काय म्हणाली ते तुम्हाला कळलं ना?"

"मी इकडचाच आहे, बाई. माझी आई हेच बोलते. कळणारच."

"मग तिला वाचता येतं."

"पुस्तकात 'शे' कुठे लिहिलंय? जे लिहिलंय ते वाचलं पाहिजे."

"जे लिहिलंय ते कळल्याशिवाय तिने त्याचं 'शे' केलंच कसं?" मी म्हटलं. इतकं तोंड वर करून मी कधी कोणाशी बोलले नव्हते. "एक काम करा. तुम्हीच काहीतरी लिहा. मी बघणार नाही, तोंडाने कोणी बोलायचं नाही. वाटलं तर मी बाहेर जाते."

"बाई!" बेडसे गुरुजी म्हणाले.

 साहेब पेनाला टोपण लावून उठले. मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले, तोंड वर्गाकडे. मागे खडू चालल्याचा आवाज येत होता. टक, टक, मग एक लांब रेघ. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. हेमराज डाग शोधत असावा. मी फक्त कोकिळाकडे बघत होते. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, थांबले, पुन्हा गेले.

ती बोलेना.

हातपंप थांबला. कोणीतरी शिंकलं. बेडसे गुरुजींनी घसा खाकरला. मी मनात म्हणत होते, बोल गं, काहीही बोल, तुझ्या भाषेत बोल, चुकीचं बोल. तिने मान खाली घातली. गेलं, मी म्हटलं. संपलं.

"सुरतले," ती पायांच्या अंगठ्यांना म्हणाली.

मी वळले. फळ्यावर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'तुझे वडील कुठे आहेत?'

तिने वाचून दाखवलंच नव्हतं. तिला कोणी विचारलं होतं, तिने उत्तर दिलं होतं.

साहेब हातात खडू तसाच धरून उभे होते. मग ते हळूहळू दोन रांगांमधून मागे गेले आणि माठाजवळ चक्क उकिडवे बसले. त्यांची शुद्ध मराठी त्यांनी कुठे ठेवली कोण जाणे. कधी येतील ते त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं, "कवय येतीन?"

"दिवायीले," कोकिळा म्हणाली.

"तुले त्यासनी आठोन येस?"

तिने परकराची नाडी बोटाला गुंडाळली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेल लागलं म्हणून रुमालाला पुसला, आणि उठून परत खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ फाईल चाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक आणा."

ते कपाटात होतं. मी आणलं. गुरुजींनी ते माझ्याकडून घेऊन साहेबांपुढे धरलं. साहेबांनी तिच्या नावापुढच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. सगळीकडे लाल खुणा.

"ही मुलगी इतकी गैरहजर होती?"

"हो, साहेब," गुरुजी म्हणाले. "सवयच आहे."

"मी बाईंना विचारतोय."

"नाही," मी म्हटलं. "रोज येत होती."

"मग या खुणा?"

साहेबांच्या शेऱ्याशिवाय आम्हाला पहिलीतलं पोर नापास करता येत नव्हतं. हजेरी कमी दाखवली की मात्र ठेवता यायचं. मार्चच्या शेवटी एका दुपारी, माझा वर्ग दुसरीत जाताना नीट दिसावा म्हणून, मी लाल पेन घेऊन बसले होते. गुरुजींनी सुचवलं होतं हे खरं. पण पेन माझं होतं आणि मला ते पटलं होतं. पुस्तकात 'आहे' लिहिलेलं असताना 'शे' म्हणणारं पोर माझ्या लेखी शाळेत आलेलंच नव्हतं.

"कोणी केल्या?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"मी."

बेडसे गुरुजींनी डोळे मिटले.  साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. एक कोकिळासाठी, एक माझ्यासाठी. तिचं नाव दुसरीच्या यादीत गेलं, आणि माझ्या नावे कारणे दाखवा नोटीस निघाली. माझी कायम होण्याची ऑर्डर पुढे दीड वर्ष लांबली. मला तेव्हा फार रडू आलं होतं, नाही म्हणत नाही. दर महिन्याला घरून पत्र यायचं, अजून का होत नाही म्हणून, आणि मी थापा मारायची.

साहेबांची मोटारसायकल गेल्यावर शाळा सुटली. गुरुजी माझ्याशी न बोलता सायकलवर बसून निघून गेले. मी सगळी चाळीस कार्डं गोळा करून खोक्यात टाकली आणि बाहेर आले. पडवीत कोकिळा एकटीच चप्पल शोधत होती. तिची एक चप्पल नेहमी हरवायची.

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. तिची माफी मागावी असं वाटत होतं, पण आठ वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. मग मी भलतंच विचारलं.

"कोकिळा, मी तुला काल येऊ नको म्हटलं होतं ना गं?"

"हा."

"मग आज कशी आलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही चुकलं असेल तर ते माझंच. चप्पल हातात धरून तिने पडवीतल्या फळ्याकडे बोट केलं. माझंच गोलगरगरीत अक्षर. पुसायचं राहून गेलं होतं.

"फयावर लिखेल शे ना," ती म्हणाली. "समदासनी येवानं."